पिल्लाचे नाव : सरमा, कोको की काळी?

सिंहगड_रस्ता (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीच्या वाहनतळात एकटेच कुडकुडत बसलेले एक गावठी पिल्लू आम्ही घरी आणले. त्याची आई रस्त्यावर गाडीखाली गेल्याचे रखवालदारांनी सांगितले. पिल्लू मादी आहे आणि पशुवैद्यांच्या अंदाजाप्रमाणे ती अडीच महिन्यांची असावी. रंग संपूर्ण काळा असून शेपटीचे टोक आणि उजव्या पंजाची बोटे तेवढी पांढरी आहेत. जंतांचे औषध आणि पहिली लस झाली आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेत नावाची जागा मात्र अजून रिकामी आहे, आणि येत्या शनिवारी पुढच्या लशीला जाताना ती भरून नेण्याचा आमचा विचार आहे.

अडचण अशी की घरात तीन नावे चालू आहेत. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून ‘सरमा’ हे नाव आहे, कारण आपल्या वाङ्मयातील ती सर्वांत जुनी कुत्री आहे आणि रस्त्यावरच्या अनाथ पिल्लाला असे मानाचे नाव मिळावे, असे मला मनापासून वाटते. परंतु आमच्या समोरच्या घरात शर्मा आडनावाचे अतिशय सज्जन कुटुंब राहते. जिन्यात उभे राहून मी ‘सरमा, इकडे ये!’ असे ओरडले, तर त्यांना काय वाटेल, या विचाराने मी थांबले आहे. चौथीत शिकणाऱ्या मुलाला ‘कोको’ हवे आहे, कारण त्याच्या मित्राकडे त्या नावाची कुत्री आहे आणि ती त्याला फार आवडते. सासूबाई (वय ७८) पहिल्या संध्याकाळपासून तिला ‘काळी’ म्हणतात. त्यांच्या माहेरी काळ्या गाईला, काळ्या कुत्रीला आणि काळ्या मांजरीलाही काळीच म्हणत असत, आणि त्या हाकेत माया असते, हे मी रोज ऐकते. तरीही हे नाव कायम करण्यास माझे मन धजत नाही. आमच्या इमारतीतील एका शाळकरी मुलीला तिच्या सावळ्या रंगावरून इतर मुले याच शब्दाने चिडवतात. तोच शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा अंगणात मोठ्याने उच्चारावा, हे मला पटत नाही.

दहा दिवसांत पिल्लू यांपैकी एकाही नावाला वळून पाहत नाही. नाव निवडताना नेमका कोणता विचार करावा, आणि आधीच तीन हाका ऐकलेल्या पिल्लाचे त्यात काही नुकसान झाले आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

श्वानसोबती

नमस्कार. मी नाशिकला गेली पंधरा वर्षे घरगुती कुत्र्यांना प्रशिक्षण देतो. आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो. नुकसान काहीही झालेले नाही. या वयाचे पिल्लू नवे नाव दोन-चार दिवसांत शिकते, मात्र त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाने एकच हाक वापरली पाहिजे.

नाव म्हणजे आपल्या दृष्टीने ओळख असते. कुत्र्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘माझ्याकडे पाहा, आता तुझ्यासाठी काहीतरी आहे’ एवढाच असतो. म्हणून नावाची पहिली कसोटी अशी की ते घरात नेहमी बोलल्या जाणाऱ्या इतर शब्दांपासून स्पष्टपणे वेगळे ऐकू आले पाहिजे. या कसोटीवर ‘कोको’ टिकत नाही, आणि हे आपल्या मुलाला समजावून सांगण्यासारखे आहे. मराठी घरात पिल्लाला सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा शब्द ‘नको’ हा असतो. चप्पल नको, तोंड लावू नको, चावू नको! ‘नको’ आणि ‘कोको’ यांचा शेवट अगदी एकसारखा आहे. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत्‌ लहरी मोजून असे दाखवले, की ओळखीचा शब्द आणि त्यातील एखादाच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द यांत कुत्रे फारसा भेद करत नाहीत. पूर्णपणे वेगळा शब्द मात्र त्यांना लगेच वेगळा जाणवतो. याच कारणाने ज्यांच्या घरी ‘सिट’ आणि ‘नो’ या आज्ञा वापरतात, त्यांना मी ‘किट’ किंवा ‘जो’ ही नावे ठेवू देत नाही, आणि ‘बस’ म्हणणाऱ्यांना ‘बॉस’ हे नाव ठेवू देत नाही.

याचा अर्थ कुत्र्याचा कान मंद असतो, असा कृपया घेऊ नये. २०१९ मध्ये मेरीलँड विद्यापीठात झालेल्या प्रयोगात, पाठीमागे माणसांच्या बोलण्याचा गलका नावाइतक्याच मोठ्या आवाजात चालू असतानाही कुत्र्यांनी स्वतःचे नाव ओळखले. गलका नावापेक्षा मोठा झाला, तेव्हाच त्यांना ते जमले नाही. पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत आपली कुत्री नाव ऐकून कान टवकारते, ही आपली समजूत खरी आहे.

नाव ठरल्यावर शिकवण्याची रीत सोपी आहे. शांत खोलीत नाव एकदाच, आनंदी स्वरात उच्चारावे, आणि तिने पाहिले की त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. एका वेळी दहा-बारा वेळा, दिवसातून चार वेळा एवढे पुरते. तिने पाहिले नाही, तर तेच नाव पाच वेळा म्हणू नये. दोन पावले जवळ जाऊन पुन्हा एकदा म्हणावे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की नाव घेऊन रागावू नये. औषध पाजण्यासाठी किंवा अंघोळीसाठी तिला नावाने बोलावू नये, आपण उठून तिच्याकडे जावे. नाव ऐकून कुत्रे उलट पळते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत मला हीच एक चूक आढळली आहे.

जुना_फळा

मी चौतीस वर्षे सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. आपल्या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर ज्या कसोटीचा उल्लेख झाला, तिचा विचार माणसाने फार पूर्वीपासून केलेला आहे. ग्रीक लेखक झेनोफन याने शिकारीवरील आपल्या ग्रंथात, हाक मारणे सोपे जावे म्हणून शिकारी कुत्र्यांना आखूड नावे द्यावीत असे सांगून अशा नावांची लांबलचक यादीच दिली आहे. पुढे पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवरील ग्रंथात याहून नेमका नियम घालून दिला : नाव फार लांब नसावे, कारण ते कुत्र्याने चटकन ऐकले पाहिजे; पण दोन अक्षरांहून आखूडही नसावे. मादीसाठी त्याने सुचवलेल्या लॅटिन नावांत ‘लूपा’, म्हणजे लांडगीण, हे एक आहे. आपले ‘मोती’, ‘वाघ्या’, ‘खंड्या’, ‘राजा’ आणि ‘राणी’ हे सगळे कोलुमेलाच्या मापात बसतात, आणि तेही कोणी त्याचा ग्रंथ न वाचता!

परंतु मराठीपुरती आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपली भाषा नामाला जसेच्या तसे राहू देत नाही. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि हाक मारताना संबोधनाचे रूप आणखी वेगळे होते. माझ्या पुतण्याने पांढऱ्याशुभ्र पिल्लाचे नाव मोठ्या हौसेने ‘कापूस’ ठेवले. घरात कोणीही सलग दोन वाक्यांत ते नाव तसे उच्चारत नसे. ‘कापसाला आत घे’, ‘कापसाने दूध सांडले’, आणि हाक मारताना ‘कापश्या!’ एका पिल्लाला तीन नावे झाली. ‘तांबडा’ हे नाव ठेवले, तर हाक ‘तांबड्या’ अशी होते. वाघ्या, खंड्या, टिप्या अशी ‘या’कारान्त नावे आपल्या वाडवडिलांना का आवडली असतील, याचे एक कारण मला यात दिसते. ती मुळातच हाकेच्या रूपात तयार झालेली आहेत, आणि ‘वाघ्याला’, ‘वाघ्याने’, ‘वाघ्याचा’ असे काहीही म्हटले, तरी कुत्र्याच्या कानावर ‘वाघ्या’ हाच ध्वनी पडतो.

मादीच्या नावांत ही अडचण अधिक गोड आहे. मनी मांजरीला आपण ‘मने’ म्हणतो, ठमीला ‘ठमे’ आणि चिंगीला ‘चिंगे’. आपल्या सासूबाईही लाडात आल्यावर ‘काळे!’ असेच म्हणत असतील. ‘सरमा’ची ‘राधे’च्या चालीवर ‘सरमे’ होईल. यातून सुटणारी स्त्रीलिंगी नावे म्हणजे ‘ऊ’कारान्त : साळू, ठकू, चिऊ. हाक असो, प्रत्यय असो, ‘ऊ’ जागचा हलत नाही, आणि दीर्घ स्वर शेवटी असल्यामुळे हाक लांबवताही येते. (पूर्वीच्या आया अंगणातून मुलांना बोलावताना नावाचा शेवटचाच स्वर ओढत असत, हे आठवून पाहावे.)

आता सरमेविषयी. आपली निवड अभिजात आहे, यात शंका नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ वे सूक्त म्हणजे सरमा आणि पणी (इंद्राचे शत्रू) यांचा संवाद आहे. पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध घेत, इंद्राची दूती म्हणून ती रसा नदी ओलांडून जाते. ‘आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, तुला गाईंत वाटा देऊ’, असे प्रलोभन पणी तिला दाखवतात, आणि ‘मी भाऊपणा जाणत नाही, बहीणपणाही जाणत नाही’, असे स्पष्ट उत्तर देऊन ती ते नाकारते. त्या सूक्तात तिला कोठेही कुत्री म्हटलेले नाही. ती देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, म्हणून पुढील परंपरेत स्थिरावली. मात्र याच मंडलातील चौदाव्या सूक्तात यमाच्या चार डोळ्यांच्या दोन कुत्र्यांना ‘सारमेय’, म्हणजे सरमेची मुले, असे म्हटले आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारतात, तेव्हा ती थेट यज्ञमंडपात जाऊन राजाला जाब विचारते. रस्त्यावरच्या पिल्लाला या आईचे नाव द्यावे, ही आपली भावना मला फार मोलाची वाटते. महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या सोबतीने अखेरपर्यंत चालणाऱ्या कुत्र्याला व्यासांनी नावच दिलेले नाही, हेही या निमित्ताने आठवले.

तरीही शेजाऱ्यांच्या बाबतीत आपला संकोच योग्य आहे. शर्मा मंडळींना अर्थ समजावून सांगितला, तर ते हसून मान्य करतील, पण त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कोण समजावणार? शिवाय ‘काळी’विषयी आपण जे लिहिले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नावात दोष नसतो, सासूबाईंच्या मनात तर मुळीच नाही. परंतु हाक ही सार्वजनिक गोष्ट आहे. ज्या मुलीच्या कानाला तो शब्द टोचतो, तिला तो कोणासाठी उच्चारला आहे, हे खिडकीआडून कळत नाही.

माणदेश

वरील गुरुजींचे म्हणणे अगदी खरे आहे. आमच्या वाडीत जुन्या लोकांचा एक दंडक होता, की वाडीत ज्या नावाचे माणूस आहे, ते नाव कुत्र्याला ठेवायचे नाही. गणपतचा गण्या आणि रामचा राम्या होतो. तसेच नाव कुत्र्याला ठेवून रात्री अंगणातून शिवी हासडली, तर पलीकडच्या घरात भांडण उभे राहते. देवाचे नावही कोणी ठेवत नसे, कारण कुत्र्याला कधीतरी ‘हाड्‌’ म्हणावेच लागते, आणि देवाच्या नावापुढे तो शब्द तोंडातून निघू नये.

आमच्या मेंढरांमागे असलेल्या कुत्र्यांपैकी एक कायम ‘वाघ्या’ असतो. आमचे कुलदैवत खंडोबा आहे, देवाच्या सोबतीला कुत्रा असतो आणि देवाच्या भक्तालाही वाघ्या म्हणतात, म्हणून हे नाव आम्हाला मानाचे वाटते. वर सांगितलेला दंडक त्याला लावत नाहीत. एक वाघ्या गेला, की पुढच्या पिल्लांतील धीट पिल्लाला तेच नाव मिळते. शहरातील माणसांना हे विचित्र वाटेल, परंतु आम्हाला त्यात जुन्या कुत्र्याची आठवण राखल्यासारखे वाटते.

मला सुचवायचे आहे ते हाकेच्या पल्ल्याविषयी. माळावर कुत्रे पाव मैल पुढे गेलेले असते आणि वारा उलटा असतो. तेथे ‘ट’, ‘क’ अशा तुटक अक्षरावर संपणारे नाव पोहोचत नाही. शेवटी ‘आ’ किंवा ‘ऊ’ असला, तर छातीतून आवाज काढता येतो. आपल्या येथे माळ नसला, तरी कुत्री एकदा फाटकाबाहेर सुटून रहदारीत गेली, तर हाक तेवढीच लांब पोहोचावी लागेल. म्हणून नाव कागदावर लिहून पाहू नका. गच्चीवर जाऊन प्रत्येकाने ते एकदा पूर्ण आवाजात ओरडून पाहावे, आणि सासूबाईंनाही ओरडायला लावावे. ज्या नावाला घरातले एक जरी माणूस अडखळले, ते सोडून द्यावे.

तुलूज_मुक्कामी

आम्ही फ्रान्समध्ये राहतो. येथे वंशावळीची नोंद असलेल्या कुत्र्यांच्या नावाचे आद्याक्षर जन्माच्या वर्षावरून ठरते. २०२४ मध्ये जन्मलेल्यांचे नाव ‘व्ही’ने, तर २०२५ मध्ये जन्मलेल्यांचे ‘ए’ने सुरू होते, आणि नावे मिळण्यास कठीण अशी सहा अक्षरे या क्रमातून वगळली आहेत. त्यामुळे उद्यानात भेटलेल्या कुत्र्याचे नाव ऐकून लोक त्याचे वय ओळखतात. आमचा कुत्रा निवारा केंद्रातून आणलेला आणि मिश्र जातीचा असल्यामुळे आम्हाला हा नियम लागू नव्हता. आम्ही कोल्हापूरच्या घरातील जुन्या कुत्र्याच्या आठवणीने त्याचे नाव ‘बाळू’ ठेवले. येथील पशुवैद्यांना ‘ळ’ म्हणता येत नाही, म्हणून दवाखान्यात तो ‘बालू’ असतो, आणि दोन्ही हाकांना सारखीच शेपटी हलवतो. एवढ्या फरकाची काळजी करू नये.

डोंबिवली_पूर्व

तीन हाकांविषयी माझा छोटासा अनुभव सांगते. आम्ही पाच वर्षांची कुत्री दत्तक घेतली, तेव्हा तिचे जुने नाव ऐकताच ती अंग चोरून कोपऱ्यात जाऊन बसे. त्या नावाने तिला पूर्वी काय सोसावे लागले असेल, ते ती सांगू शकत नव्हती. आम्ही ते नाव पूर्णपणे सोडले आणि ‘रेवा’ या नव्या नावाने, प्रत्येक वेळी खाऊ देत, सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात ती हाकेसरशी धावत येऊ लागली. जुने नाव आवडते असते, तर काही दिवस ते नव्या नावाला जोडून म्हटले असते, आणि मग हळूहळू गाळले असते. आपले पिल्लू तर अडीच महिन्यांचेच आहे.

मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेल्या आणि ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक २ मधून अंतराळात पाठवलेल्या कुत्रीचेही आधीचे नाव कुद्र्यावका, म्हणजे कुरळ्या केसांची, असे होते, आणि पुढे ती लायका, म्हणजे भुंकणारी, झाली. तिच्या वाट्याला जे आले, ते आठवले की आजही माझ्या पोटात तुटते.

सिंहगड_रस्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्रीच्या जेवणानंतर मी ही सर्व उत्तरे घरात मोठ्याने वाचून दाखवली. ‘नको’ आणि ‘कोको’ हे मुलाने स्वतः चार-पाच वेळा म्हणून पाहिले आणि त्याचे त्याने नाव मागे घेतले. त्या शाळकरी मुलीचा विषय मी सासूबाईंसमोर प्रथमच काढला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले, की लहानपणी त्यांच्या धाकट्या बहिणीलाही घरातलेच लोक तसे म्हणत असत आणि ती रडत असे. इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

नाव त्यांनीच सुचवले. पिल्लू संक्रांतीला घरात आले, काळ्या तिळासारखे आहे, आणि शेपटीच्या टोकाला पांढरा तीळही आहे, म्हणून ‘तिळू’. दोन अक्षरे, शेवटी ‘ऊ’, आणि आमच्या घरातील ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’, ‘नको’ यांपैकी कशाशीही साम्य नाही. आज सकाळी आम्ही तिघांनी गच्चीवर जाऊन ते पूर्ण आवाजात ओरडून पाहिले, आणि सासूबाईंचा आवाज सर्वांत लांब गेला. ‘सरमा’ सोडताना मला थोडे वाईट वाटले, हे खरे.

एक शंका उरली आहे. रखवालदार आणि खालच्या मजल्यावरील दोन घरे तिला ‘काळी’ म्हणूनच ओळखतात. त्यांना काय आणि कसे सांगावे?

श्वानसोबती

नाव उत्तम आहे. रखवालदारांना चूक दाखवू नका. त्यांनी पिल्लाची विचारपूस केली म्हणून ते आपल्या घरी आले. शनिवारी लस झाल्यावर तिला त्यांच्याकडे घेऊन जा, त्यांच्या हातात खाऊचे पाच तुकडे द्या, आणि ‘तिळू म्हणा, ती पाहील, मग एक तुकडा द्या’, असे सांगा. पाचव्या तुकड्यापर्यंत ती त्यांच्याकडे पाहू लागेल, आणि आपल्या हाकेला पिल्लू वळते हे दिसल्यावर माणूस ती हाक आपण होऊन धरतो. खालच्या दोन्ही घरांतही असेच करा, आणि त्या वेळी तुकडे आपल्या मुलाच्या हातात द्या. जमल्यास त्या शाळकरी मुलीलाही एकदा बोलवा.